माळ्यावरचं डेस्क खाली काढताना

गणपतीआधी घर आवरायला घेतलं की कोकणातले माळे रिकामे होतात. तांब्याचं घंगाळ, मोडका पाळणा, काच फुटलेले कंदील आणि त्यांच्यामागून कधीतरी एखादं लिहायचं डेस्क. आमच्या देवगडकडच्या घरी असंच एक खाली आलं. बैठं, उतरत्या झाकणाचं, धुळीने राखाडी झालेलं. मी उत्साहाच्या भरात ओल्या फडक्याने ते खसाखसा धुतलं आणि अंगणात भर उन्हात ठेवलं. चहाच्या वेळी बाहेर आले तर झाकणाला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा. शेजारचे सुतारकाका कुंपणापलीकडून म्हणाले, "चेडवा, भिजलेल्या लाकडाक असा भसकन ऊन दाखवतत काय?"

पुढच्या काही वर्षांत त्यांच्याकडून आणि स्वतःच्या चुकांतून जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे. तुमच्या घरी बैठं डेस्क असो, खणांचं शिसवी टेबल असो की मुंबईहून आलेलं लोखंडी टेबल असो, पहिलं काम एकच. ते वाचायचं. पुसायचं, घासायचं, पॉलिश करायचं ते सगळं नंतर.

आधी बघा, हात नंतर लावा

विजेरी, मोजपट्टी, मऊ ब्रश आणि फोनचा कॅमेरा एवढं पुरतं. डेस्क जिथे सापडलं तिथेच, धुळीसकट, चारही बाजूंनी फोटो काढा. मग सगळे खण बाहेर काढून पालथे घाला. वरचा पृष्ठभाग लोकांना दाखवायचा असतो, तिथे सुतार फारसं काही सांगत नाही. तो बोलतो खणाच्या बुडाला, मागच्या फळीवर आणि झाकणाच्या आतल्या बाजूला. तिथे करवतीच्या खुणा दिसतील, पेन्सिलीने केलेली मापं दिसतील, आमच्या डेस्कात तर कुणीतरी नारळांचा हिशेब केलेला सापडला.

आत कागद असतील तर ते वेगळे काढा, पण फेकू नका. खोताच्या किंवा कुळकर्ण्याच्या घरातल्या डेस्कात मोडी कागद सापडण्याची शक्यता बरीच असते. खोती १९४९ च्या कायद्याने संपली, तोवर गावाच्या शेतसाऱ्याचा आणि कुळांचा हिशेब याच झाकणांवर लिहिला जात होता. कसर लागलेले कागद प्लास्टिकच्या पिशवीत कोंबले की आत बुरशी धरते. धुतलेल्या सुती कापडात, जुन्या रुमालांसारखे बांधा आणि मोडी वाचणारं कुणी भेटेपर्यंत कोरड्या कपाटात ठेवा.

खण बाहेर काढल्यावर मोकळ्या पोकळीत हात घाला. खणाची लांबी आणि डेस्काची खोली यांत चार-पाच बोटांचा फरक असेल तर मागे चोरकप्पा असू शकतो. मोजपट्टी त्यासाठीच आणायला सांगितली.

हे कुठल्या घराण्याचं?

कोकणातल्या घरांत मला ढोबळ पाच जाती भेटल्या. त्यांचा क्रम लावला की लिहिण्याचा अख्खा इतिहास दिसतो, कारण लिहिणारा कसा बसतो आणि कागद किती साठतो यावरच डेस्काचा आकार ठरत आला आहे.

पहिलं बैठं डेस्क. जमिनीवर मांडी घालून किंवा एक गुडघा उभा करून लिहिणाऱ्यासाठी. आमच्या डेस्काची मापं सांगते: पुढची बाजू २७ सेंटिमीटर, मागची ३६, खोली ४५. म्हणजे साधारण ११ अंशांचा उतार. वर दौतीसाठी सपाट पट्टी, झाकणाखाली वह्या, एका कोपऱ्यात नाण्यांचा छोटा कप्पा. उतार हौसेचा नव्हे. सपाट फळीवर खाली वाकून दिवसभर बोरू चालवला की मान आणि पाठ दोन्ही जातात. उतारामुळे कागद डोळ्यांकडे येतो. सगळ्यांच्या नशिबी असं डेस्क नसायचं, कित्येक कारकून मांडीवर फळी घेऊनच लिहीत.

दुसरी प्रवासी पेटी. बंद असताना दागिन्यांची पेटी वाटते, उघडली की दोन्ही पाखं मिळून उतरता पृष्ठभाग होतो, त्यावर हिरवी किंवा लाल बनात (जाड लोकरी कापड) किंवा चामडं. कोपऱ्यांना पितळी पत्रे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले इंग्रज अधिकारी, व्यापारी अशा पेट्या घेऊन फिरत. आंध्रातल्या विशाखापट्टणमला हस्तिदंती नक्षीच्या अशा पेट्या आणि कपाटं तयार होत, तीही किनाऱ्याकिनाऱ्याने फिरली. या पेटीत चोरकप्पा जवळजवळ ठरलेलाच. दौतीच्या खोबणीची फळी वर ओढून किंवा बाजूला दाबून बघा, जोर मात्र लावू नका.

तिसरं विलायती वळणाचं उंच टेबल, आणि इथे जरा थांबायला हवं. खुर्चीवर बसून लिहायची सवय आपल्याकडे युरोपातून आली. दक्षिणेला गोव्यात सतराव्या शतकापासून पोर्तुगीजांसाठी आपलेच कारागीर खणांची कपाटं बनवत होते, सागावर आबनूस आणि हस्तिदंताची जडणघडण करून. फ्रेंचांकडे लिहायच्या टेबलावर जाड लोकरी कापड पसरत, त्या कापडाचं नाव टेबलाला लागलं, टेबलाचं कचेरीला, आणि त्यातून 'ब्युरो' हा शब्द आला. आपल्याकडे 'दप्तर' शब्दाचा प्रवास असाच. हिशेबाच्या चोपड्या, मग कचेरी, मग कापडात बांधलेली वह्यांची गाठोडी आणि शेवटी पोराच्या पाठीवरची पिशवी.

युरोपात कागद वाढले तशी टेबलं गुंतागुंतीची झाली. फ्रान्सच्या पंधराव्या लुईसाठी ओबेन नावाच्या कारागिराने १७६० साली गुंडाळत्या झाकणाचं डेस्क करायला घेतलं, ते रीझनेर याने १७६९ मध्ये पुरं केलं. राजाला उठताना कागद आवरावे लागू नयेत, झाकण ओढलं की सगळं कुलूपबंद. हीच कल्पना शंभर वर्षांनी अमेरिकेत कारकुनांपर्यंत पोचली. वूटन याने १८७४ साली डझनावारी कप्प्यांचं, दारांसारखं उघडणारं डेस्क आणलं, कटलर याने १८८२ साली पट्ट्यापट्ट्यांच्या गुंडाळत्या झाकणाचं पेटंट घेतलं. पण त्याच सुमाराला टाइपरायटर आला होता, पाठोपाठ उभ्या फायलींची कपाटं आली, आणि घडी घालून ठेवलेल्या पत्रांसाठीचे ते शेकडो कप्पे बघताबघता निरुपयोगी झाले. साहेबाला समोरच्या माणसाचा चेहरा दिसायला हवा होता. डेस्क पुन्हा सपाट झालं, दोन्ही बाजूंना खणांचे खांब आणि मध्ये पायांसाठी जागा.

आपल्याकडच्या शिसवी टेबलांत या वळणाची देशी नक्षी दिसते. एकोणिसाव्या शतकात मुंबईत शिसवीचं कोरीव फर्निचर मोठ्या प्रमाणावर होई, इंग्रज त्याला 'बॉम्बे ब्लॅकवुड' म्हणत. पानं, वेली, कधी सिंहाचे पंजे. खरं सांगायचं तर मला ते कोरीवकाम जड वाटतं. त्याच्या खाचांतून पावसाळ्यात बुरशी काढायची वेळ आली की आणखीच.

चौथं लोखंडी टेबल. कुलपांपासून १८९७ साली सुरू झालेल्या गोदरेजने पुढे पोलादी कपाटं आणली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापासून करड्या-हिरव्या रंगाची लोखंडी टेबलं कचेऱ्या, शाळा, बँका सगळीकडे पसरली. वाळवीपासून सुटका, पण खाऱ्या हवेत खालून गंज. चाकरमान्यांनी निवृत्तीनंतर मुंबईहून टेम्पोत घालून आणलेली अशी टेबलं आमच्या वाडीत तीन आहेत. त्यांना कुणी जुनं म्हणून मान देत नाही. आणखी तीस वर्षांनी देतील.

पाचवं पार्टिकल बोर्डाचं कॉम्प्युटर टेबल. सरकता कीबोर्ड-खण, खाली सीपीयूची जागा, जाड मॉनिटरला पुरेल एवढी खोली. मॉनिटर चपटे झाले, मग लॅपटॉप आले आणि पंधरा-वीस वर्षांत ही जात संपली. कोकणात ती त्याआधीच संपते. दोन पावसाळ्यांत कडा फुगून पावासारख्या होतात. तिच्यावर वेळ घालवू नका.

वय काढताना एक सावधगिरी

इंग्रजी पुस्तकांत वय ओळखायच्या खुणा दिलेल्या असतात. करवतीचे सरळ ओरखडे म्हणजे हातकाम, गोलाकार ओरखडे म्हणजे यंत्राची चकती. स्क्रूची खाच मध्यापासून सरकलेली आणि टोक बोथट असेल तर तो साधारण एकोणिसाव्या शतकाच्या मध्याआधीचा, कारण टोकदार यंत्रस्क्रू १८५० च्या आगेमागे आले. फुलीच्या खाचेचा स्क्रू १९३० च्या दशकातला, म्हणजे डेस्क किंवा निदान त्याची दुरुस्ती त्यानंतरची. पांढरा गोंद दिसला तर १९५९ नंतरचं, कारण फेविकॉल तेव्हा आला. त्याआधी सुतार जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस उकळून वापरत.

यातल्या स्क्रू आणि गोंदाच्या खुणा आपल्याकडेही चालतात. करवतीची खूण मात्र फसवते. गावोगावी वीज उशिरा आली आणि सुतार कित्येक वर्षं हाताच्या करवतीनेच फळ्या पाडत राहिले. १९६५ चं डेस्क १८६५ चं वाटू शकतं. विकणारा तुम्हाला तसं सांगेलही.

लाकूड जास्त खरं बोलतं. साग सोनेरी-तपकिरी, हाताला किंचित तेलकट. शिसव जड, काळपट जांभळी. फणस नवा असताना पिवळा असतो आणि वर्षांनुवर्षं हवा-उजेड लागून गडद तपकिरी होतो. खणाच्या आतली, उजेड न लागलेली बाजू बघितली की त्याची पिवळी छटा सापडते. वरून शिसव आणि खणांची बुडं आंब्याची असं मिश्रण असलं तर घाबरू नका, न दिसणाऱ्या जागी हलकं लाकूड वापरायची पद्धत सगळ्या जगात होती. पण वरचा भाग एका रंगाचा, खालचा दुसऱ्या, आणि स्क्रूची जुनी भोकं कशाशीच जुळत नाहीत, तेव्हा ते दोन डेस्कांचं लग्न लावलेलं असतं.

आता दुरुस्ती, आणि ती पाऊस संपल्यावर

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुलैत हवेतला दमटपणा लाकडात शिरतो आणि फळी फुगते, पण लांबीत जवळजवळ नाहीच, रुंदीत. सागासारखं शांत लाकूडसुद्धा ४५ सेंटिमीटर रुंदीच्या फळीत मे ते ऑगस्टमध्ये तीन-चार मिलिमीटर हलू शकतं. माझ्या झाकणाला तडा गेला तो यामुळेच. वरची बाजू उन्हाने झपाट्याने आकसली, खालची ओलीच राहिली, आणि दोन्ही टोकांना आडव्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकलेल्या असल्याने फळीला सरकायला जागा नव्हती.

म्हणून पहिला नियम: पावसाळ्यात अडकणारा खण रंधून मोकळा करू नका. डिसेंबरात तो खुळखुळेल. खणाच्या कडांवर आणि खालच्या पट्ट्यांवर साध्या मेणबत्तीचं मेण घासा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. दिवाळीनंतरही अडकत असेल तरच रंधा.

दुसरं, कीड. डेस्काखाली काळा कागद पसरून आठवडाभर ठेवा. त्यावर मैद्यासारखी बारीक भुकटी पडली तर भुंगा जिवंत आहे. भोकं आहेत पण भुकटी नाही, तर तो कधीच गेला. भुंगा मुख्यतः बाहेरचं पांढरं लाकूड खातो, सागाच्या गाभ्याला सहसा शिवत नाही. भोकांत कीडनाशक द्रव सिरिंजने भरा, हातमोजे घालून, ओटीवर किंवा मोकळ्या हवेत. रॉकेल ओतायची जुनी पद्धत आहे, तिने वास राहतो आणि भुंगाही. वाळवी वेगळी गोष्ट. ती डेस्कात राहत नाही, जमिनीतून मातीच्या नळ्या करत येते. नळ्या मोडून डेस्क हलवलं तर डेस्क वाचतं, पण तिची वाट घरात शोधावी लागते.

तिसरं, सांधे. जुना सरस गरम पाण्याच्या वाफेने मऊ होतो, म्हणजे हललेला सांधा न तोडता उघडता येतो. म्हणूनच मी जुन्या सांध्यांत पुन्हा सरसच वापरते. पांढरा गोंद एकदा घट्ट बसला की पुढच्या सुताराला लाकूड फोडण्यावाचून इलाज नाही. नवे खिळे ठोकू नका. समुद्राजवळ लोखंड गंजतं, फुगतं आणि सागातल्या द्रव्यांशी मिळून भोवती काळा डाग पाडतं. स्क्रू लागलाच तर पितळी किंवा स्टेनलेस, आणि आधी गिरमिटाने भोक पाडून. तडा गेलेलं झाकण मी फेविकॉलने मिटवलं नाही. टोकांच्या पट्ट्यांचे खिळे काढले, स्क्रूची भोकं आडवी लांबट केली म्हणजे फळीला सरकता येईल, आणि तड्यात त्याच लाकडाची पातळ चीप बसवली. सात पावसाळे झाले, पुन्हा तडकलेलं नाही.

चौथं, साफसफाई. कोरड्या ब्रशने धूळ. मग घट्ट पिळलेल्या फडक्यावर सौम्य साबणाचा एखादा थेंब, हातभर जागा पुसायची आणि लगेच कोरडी करायची. पॉलिश कोणतं आहे ते आधी ओळखा: खणाच्या मागे, न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा एक थेंब टाका. पृष्ठभाग चिकट झाला तर तो लाखेचा, म्हणजे चपड्याचा हात आहे. काहीच झालं नाही तर अलीकडचं पीयू किंवा मेलामाइन. लाखेवर पावसाळ्यात पांढुरका ढग येतो, तो बहुधा फक्त वरच्या थरात असतो. स्पिरिटात पातळ केलेल्या चपड्याचा एक हलका हात दिला की जातो. त्यासाठी सगळं पॉलिश खरवडून काढणं हा गुन्हा आहे, आणि पॉलिशवाले तेच आधी सुचवतात.

खोबरेल लावू नका. आमच्याकडे प्रत्येक आजीचा हा उपाय असतो. दोन दिवस लाकूड झळाळतं, पण खोबरेल कधीच वाळत नाही, त्यावर धूळ बसते आणि चिकट काळा थर होतो. कच्चं जवसाचं तेल वाळतं पण फार सावकाश, आणि कोकणच्या दमटात त्यावर बुरशी धरते. शिवाय त्या तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकले तर आपोआप पेटू शकतात, ते दोरीवर पसरून वाळवायचे. बोटींना लावतात ते काजूच्या टरफलाचं तेल घरातल्या डेस्काला नकोच, हात भाजतात. मधमाशांचं मेण टर्पेंटाइनमध्ये विरघळवून, अगदी पातळ लावून, दुसऱ्या दिवशी सुती कापडाने घासा. वर्षातून एकदा, पावसाआधी.

शाईचे डाग राहू द्या. जुनी लोहयुक्त शाई लाकडात खोल गेलेली असते. ऑक्झॅलिक आम्लाने डाग फिका होतो, पण भोवतालचं लाकूडही पांढरं पडतं आणि ते आम्ल विषारी आहे. आमच्या डेस्कावर दौतीच्या बुडाचं एक काळं वर्तुळ आहे, सगळ्या डेस्कात मला तेच सर्वांत आवडतं. पितळी कड्या चिंच लावून सोन्यासारख्या करायचा मोहही आवरा. हिरवी पूड तेवढी कोरड्या ब्रशने काढा.

जागा आणि रोजचं लिहिणं

जांभ्याची भिंत ओल ओढते. डेस्क भिंतीला टेकवू नका, वीतभर तरी अंतर ठेवा, आणि पायांखाली पितळी किंवा दगडी चकत्या. पडवी नको, तिथे पावसाची झड येते. माजघर चालेल, उजेडाची सोय करावी लागेल. काय वाट्टेल ते झालं तरी प्लास्टिकने झाकून ठेवू नका. पावसाळ्यात खण अधूनमधून उघडे ठेवा.

बैठ्या डेस्कावर लॅपटॉप? चालतो, तासाभरासाठी. उतारावरून घसरू नये म्हणून खाली पातळ पट्टी ठेवा, चिकटवू नका. जास्त वेळ बसायचं तर पाटाऐवजी चार-पाच बोटं जाड बैठक घ्या, म्हणजे गुडघे कमरेखाली जातात आणि पाठ सरळ राहते.

नवं डेस्क करून घ्यायचं असेल तर बाजारातली ७५ सेंटिमीटरची उंची डोळे झाकून घेऊ नका. ती उंच माणसांसाठी आहे. खुर्चीत बसून कोपर काटकोनात दुमडा, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा, तीच तुमची उंची. माझी ६८ आली. वहीसाठी ५० सेंटिमीटर खोली पुरते, मोठा स्क्रीन असेल तर ७०. पायांसाठी मध्ये किमान ६० सेंटिमीटर मोकळे ठेवा. उभं राहून कामाची डेस्कं आता जोरात आहेत, पण ती कल्पना नवी नाही. अमेरिकेतल्या हर्मन मिलर या फर्निचर कंपनीसाठी प्रॉप्स्ट आणि नेल्सन या डिझायनरांनी १९६४ साली कचेरीचं जे फर्निचर केलं त्यात उभ्याने लिहायची डेस्कं होती. त्याची १९६८ ची सुधारित आवृत्ती कंपन्यांना फार आवडली, आणि तिच्यातून आजच्या ऑफिसातली आडोशांची खुराडी, म्हणजे क्युबिकल, जन्मली. प्रॉप्स्टला ते मुळीच रुचलं नव्हतं.

लाकूड सागाचं परवडलं तर उत्तम. फणस स्वस्त आणि देखणा, मात्र नीट वाळलेला हवा. प्लायवूड घेत असाल तर त्यावर आयएस ७१० चा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचा शिक्का बघा. आयएस ३०३ चं नेहमीचं प्लाय समुद्रापासून लांबच्या घरात ठीक. कडा उघड्या सोडू नका. आणि सुताराला सांगा, वरची फळी चौकटीला गोंदाने पक्की करू नका, लांबट भोकांतून स्क्रूने धरा. तो वाद घालेल. माझ्या तड्याची गोष्ट सांगा.

विकायचं झालंच तर

शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते आणि खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. डेस्कावर पांढरी जडणघडण असेल तर भिंगातून बघा: बारीक काळे ठिपके दिसले तर हाड, एकमेकांना छेदणाऱ्या तिरप्या रेघांची जाळी दिसली तर हस्तिदंत. हस्तिदंताची खरेदी-विक्री वन्यजीव कायद्याने बंद आहे, डेस्क कितीही जुनं असलं तरी. दारावर येऊन "आजी, हे भंगार आहे" म्हणत रोख पैसे मोजणाऱ्याला मात्र दुसऱ्या दिवशी या म्हणून सांगा. खरंच भंगार असेल तर तो परत येणार नाही.

काम संपलं की एका कोऱ्या कागदावर पेन्सिलीने लिहा: कोणत्या महिन्यात काय केलं, कोणता सांधा उघडला, सरस वापरला की गोंद, मेण कोणतं लावलं, काय तसंच सोडलं आणि का. तारीख घाला. कागद चिकटवू नका, घडी करून सगळ्यात खालच्या खणाच्या मागे सरकवून ठेवा. आमच्या डेस्कात तो नारळांच्या हिशेबाच्या शेजारी आहे.